नोटेवरच्या चुकीची किंमत किती?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्या पाकिटातच आहे. हाताशी एखादी नोट असेल तर ती समोर ठेवा, मध्येमध्ये लागेल.

सुरुवात नोव्हेंबर २०१६ पासून करूया. ८ तारखेची रात्र सगळ्यांना आठवत असेल. जुन्या पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, बँकांसमोर रांगा लागल्या आणि काही दिवसांनी नवी, करड्या रंगाची पाचशेची नोट हातात यायला लागली. लोकांनी दोन नोटा शेजारी ठेवून बघितल्या, तर त्या सारख्या नव्हत्या. एकीवर गांधीजींच्या चेहऱ्यामागे जास्तीची सावली होती, दुसरीवर राजमुद्रा किंचित सरकलेली होती. कुठे कडेची पट्टी कमी-जास्त, कुठे रंगाची छटा वेगळी. आधीच घाबरलेल्या लोकांना प्रश्न पडला, की यातली खरी कुठली?

रिझर्व्ह बँकेकडून उत्तर आलं, ते थोडक्यात असं: घाईगडबडीत छपाईतले दोष असलेल्या काही नोटा बाहेर गेल्या असाव्यात, त्या व्यवहारात बिनधास्त घ्या, नाहीतर आमच्याकडे परत करा. म्हणजे दोष असला तरी पाचशेची नोट पाचशेचीच.

पण ऑनलाइन बाजारात याच्या उलटं गणित चालतं. तिथे तशीच नोट ‘एरर नोट, अतिशय दुर्मिळ, एकच शिल्लक’ म्हणून पाच हजारांना, पन्नास हजारांना, कधीकधी लाखांना लावलेली दिसते. छपाईतली चूक इतिहासाची वस्तू कधी होते आणि नुसता मार्केटिंगचा मसाला कधी असते? आज हेच बघायचंय. आणि हे ठरवायला आधी नोट छापतात कशी हे कळायला लागतं. ज्याला नोट बनताना कुठे काय होतं हे माहीत असतं, त्याला फसवणं अवघड असतं.

नाशिकच्या आधी आणि नंतर

भारतात नोटा काढण्याचा हक्क एकट्या सरकारकडे आला तो १८६१ च्या पेपर करन्सी कायद्याने. त्याआधी काही बँका स्वतःच्या नोटा काढायच्या. सरकारी नोटांच्या पहिल्या मालिकेवर व्हिक्टोरिया राणीचं चित्र होतं. तिची इतकी नक्कल झाली की ती मालिका मागे घ्यावी लागली आणि १८६७ मध्ये नव्या धर्तीच्या, एकाच बाजूला छापलेल्या नोटा आल्या. म्हणजे आपल्या नोटांचं रूप अगदी सुरुवातीपासून नकलाकारांच्या धाकाने बदलत आलंय.

या नोटा छापल्या जायच्या इंग्लंडमध्ये आणि बोटीने इकडे यायच्या. नाशिकमध्ये नोटांचा छापखाना सुरू झाला १९२८ मध्ये, आणि १९३२ पर्यंत भारतातल्या सगळ्या किमतींच्या नोटा तिथेच छापल्या जाऊ लागल्या. रिझर्व्ह बँक स्थापन झाली १ एप्रिल १९३५ ला. म्हणजे आपला छापखाना आपल्या मध्यवर्ती बँकेपेक्षा वयाने मोठा आहे! आज नोटा चार ठिकाणी छापतात: नाशिक, मध्य प्रदेशातलं देवास, कर्नाटकातलं म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधलं सालबोनी.

आता तुमच्या हातातल्या नोटेकडे बघा. ती एका दमात छापलेली नसते.

पहिली पायरी कागदाची. हा कागद कापसाच्या धाग्यांपासून बनतो. जलचिन्ह, म्हणजे उजेडात धरल्यावर दिसणारी गांधीजींची छबी, आणि सुरक्षा धागा हे दोन्ही कागद तयार होतानाच त्यात बसवलेले असतात. छापखान्यात येणाऱ्या कोऱ्या कागदात ते आधीच असतात.

दुसरी पायरी ऑफसेट छपाईची. पार्श्वभूमीच्या बारीक रेषा, रंगांच्या छटा या पायरीत येतात. नोट उजेडात धरली की पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा आकडा जुळून पूर्ण दिसतो, तो या पायरीचा नेमकेपणा.

तिसरी इंटाग्लिओ. यात धातूच्या प्लेटवर कोरलेल्या खाचांमधली शाई प्रचंड दाबाखाली कागदावर उतरते, म्हणून ती बोटाला खरखरीत लागते. गांधीजींचं चित्र, अशोकस्तंभ, गव्हर्नरांची सही आणि वचन या पायरीत येतात.

चौथी पायरी नंबरांची. त्यानंतर तपासणी, मग मोठ्या ताव्यातून एकेक नोट कापणं आणि शंभराची पुडकी बांधणं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात बग सापडला की पहिला प्रश्न असतो, हा कुठल्या मॉड्यूलचा? नोटेच्या बाबतीतही तोच प्रश्न विचारायचा. प्रत्येक पायरीच्या चुका वेगळ्या असतात आणि एका पायरीची चूक सहसा दुसऱ्या पायरीची म्हणून खपत नाही.

उदाहरण घ्या. जानेवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या श्योपूर जिल्ह्यात काही शेतकऱ्यांना बँकेतून दोन हजारांच्या नव्या नोटा मिळाल्या आणि त्यांच्यावर गांधीजींचं चित्रच नव्हतं. शेतकऱ्यांना वाटलं, नोटा बनावट आहेत. वरच्या पायऱ्या लक्षात ठेवून बघितलं तर हे कोडं सुटतं. रंग, नक्षी, जलचिन्ह या सगळ्या गोष्टी आधीच्या पायऱ्यांतल्या. चित्र इंटाग्लिओतलं. दोन तावे चिकटून एकत्र मशीनमध्ये गेले की वरच्यावर छपाई होते, खालचा तसाच पुढे सरकतो. अशी नोट खरी असते, फक्त एक पायरी चुकलेली असते. पण विचार करा, नोटबंदीनंतर दोन महिन्यांनी, हातात रोख नसताना, अशी नोट घेऊन दुकानात जाणाऱ्या शेतकऱ्याला ती ‘कलेक्टर्स आयटम’ वाटली असेल का?

चुका बाहेर का पडत नाहीत

खरी मोठी चूक दुर्मिळ असते, कारण छापखान्याची सगळी रचनाच ती अडवण्यासाठी केलेली असते. खराब ताव बाजूला काढून नष्ट केला जातो. पण मग त्या नंबरांचं काय करायचं?

२००६ पर्यंत कोऱ्या नोटांचं पुडकं अखंड नंबरांचं असायचं. मधली एक नोट खराब निघाली की तिथे खड्डा पडतो, आणि तो भरायला त्याच नंबरची नोट पुन्हा बनवणं हे खर्चिक आणि वेळखाऊ काम. म्हणून २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘स्टार’ मालिका आणली, आधी दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांसाठी. खराब नोटेच्या जागी तारांकित नंबरची नोट ठेवायची. नंबराच्या आधीची अक्षरं आणि पुढचे आकडे यांच्या मध्ये एक छोटा तारा असतो. बाकी ती नोट शंभर टक्के नेहमीसारखी.

म्हणजे स्टार नोट ही स्वतः चूक नसते. छापखान्यात अडवल्या गेलेल्या चुकीची ती बदली नोट असते.

आता गंमत बघा. जुलै २०२३ मध्ये व्हॉट्सॲपवर मेसेज फिरला, की तारा असलेल्या पाचशेच्या नोटा बनावट आहेत, घेऊ नका. रिझर्व्ह बँकेला २७ जुलैला खुलासा करावा लागला, की या नोटा पूर्ण वैध आहेत. त्याच ताऱ्याला ऑनलाइन विक्रेते ‘सुपर रेअर’ म्हणतात. एका मेसेजमध्ये तीच नोट कवडीमोल आणि दुसऱ्यात लाखमोलाची. जुन्या काळातली, कमी संख्येत आलेली, कोरी करकरीत स्टार नोट संग्राहक थोडे जास्त पैसे देऊन घेतात, हे खरं आहे. पण भाजीवाल्याकडून सुट्ट्यात आलेली, चार घड्या पडलेली स्टार नोट ही तिच्यावर छापलेल्या किमतीचीच.

खरी किंमत कशाला असते

चुकीला किंमत येऊ शकते, यात शंका नाही. याचं आपल्याकडचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण नोटेचं नाही, टपाल तिकिटाचं आहे, पण तत्त्व तेच.

१८५४ मध्ये कलकत्त्याला दगडी छपाईवर, म्हणजे शिळाप्रेसवर, तिकिटं छापली गेली. त्यातलं चार आण्याचं तिकीट दोन रंगांचं होतं, लाल चौकट आणि आत व्हिक्टोरिया राणीचं निळं डोकं. दोन रंग म्हणजे कागद दोनदा छपाईखाली जाणार. कधीतरी एक ताव दुसऱ्या वेळी उलटा घातला गेला आणि राणीचं डोकं खाली, मान वर अशी तिकिटं बाहेर पडली. आज जगात त्यांच्या मोजक्याच प्रती माहीत आहेत, आणि भारतातल्या सगळ्यात मौल्यवान तिकिटांमध्ये त्यांची गणना होते.

यातून तीन गोष्टी दिसतात. एक, ही चूक छापखान्यातच होऊ शकते, घरी बसून करता येत नाही. दोन, प्रती किती आहेत याचा मागोवा शतकाहून जास्त काळ अभ्यासकांनी ठेवलाय. तीन, ती जाहीर लिलावात, सगळ्यांसमोर, खरे पैसे मोजून विकली गेली आहे. चूक छापखान्यातलीच आहे याचा पुरावा, प्रतींची माहीत असलेली संख्या आणि प्रत्यक्ष झालेली विक्री. ‘एरर नोट’ची कुठलीही जाहिरात समोर आली की हे तीन प्रश्न विचारायचे. बहुतेक जाहिराती पहिल्याच प्रश्नाला गळपटतात.

चूक वाटते, पण असते निर्णय

काही गोष्टी चुकीसारख्या दिसतात, पण त्या मुद्दाम केलेल्या असतात. विक्रेत्यांचं हे आवडतं कुरण.

पन्नासची जुनी नोट घ्या, मागे संसद भवन असलेली. काही नोटांवर इमारतीवरच्या काठीला झेंडाच नाही. ‘झेंडा छापायचा राहिला!’ अशी जाहिरात करायला किती सोपं. प्रत्यक्षात आधीच्या आराखड्यातच झेंडा नव्हता, नंतरच्या छपाईत तो आला. म्हणजे त्या वेळची प्रत्येक नोट तशीच आहे. संग्रहात ठेवायला ती छान नोट आहे, पण छापखान्यात कोणाचीही चूक झालेली नाही.

किंवा भाषेचं घ्या. स्वातंत्र्यानंतर नोटांवर हिंदी ठळक आली तेव्हा ‘रुपया’चं अनेकवचन काय, यावर वाद झाला आणि १९५३ च्या सुमारास ‘रुपये’ हे रूप पक्कं झालं. त्यामुळे जुन्या नोटांवर एक रूप आणि नंतरच्या नोटांवर दुसरं दिसतं. तोही निर्णयाचा इतिहास, छपाईचा दोष नव्हे.

आणि हे तर आपल्या घरचंच. २०१६ मध्ये दोन हजारची नोट आली तेव्हा उत्तरेत बोंब उठली, की नोटेवर ‘दोन हजार’ असं चुकीचं छापलंय, ‘दो हजार’ हवं होतं! मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच आलं नाही. त्या पट्टीत कोकणीही आहे आणि मराठीही. आपलं शुद्ध मराठी आणि गोव्याची कोकणी कोणाला तरी ‘प्रिंटिंग मिस्टेक’ वाटली. यावर हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा.

याउलट काही वेगळ्या दिसणाऱ्या नोटांना खरंच किंमत आहे, कारण त्यांच्यामागे इतिहास आहे. फाळणीनंतर पाकिस्तानकडे स्वतःच्या नोटांची तयारी नव्हती. म्हणून १९४८ मध्ये भारतीय नोटांवरच इंग्रजीत आणि उर्दूत ‘पाकिस्तान सरकार’ अशा अर्थाचा मजकूर छापून त्या तिकडे वापरात आल्या. दोन देश वेगळे झाले, पण काही महिने नोट एकच होती. तसंच १९५९ मध्ये आखाती देशांमध्ये चालवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने वेगळ्या रंगाच्या, नंबराआधी झेड अक्षर असलेल्या नोटा काढल्या, आणि हज यात्रेकरूंसाठीही वेगळ्या अक्षरांच्या नोटा काढल्या. इतिहास माहीत नसलेल्या माणसाला हा ‘रंग चुकलेला’ वाटेल. माहीत असलेला माणूस ती नोट हातात घेऊन दोन मिनिटं गप्प बसेल.

बारीकसारीक दोषांचं गणित

आता मुख्य बाजार बघू. जाहिरातींमधल्या बहुतांश ‘एरर’ कशा असतात? डावीकडची पांढरी कड उजवीपेक्षा एक मिलिमीटर मोठी. शाईचा एक ठिपका. एखादा रंग किंचित फिका. नंबर जरा वर-खाली.

यांत्रिक कामात थोडं इकडे-तिकडे चालायचंच. कुठल्याही छपाईत मर्यादा ठरलेली असते, तिच्या आतलं सगळं ‘पास’. देशात वर्षाला २,००० कोटींहून जास्त नवे नग छापले जातात. समजा, कोटीत एकच नोट अशी निसटली, तरी वर्षाला दोन हजारांवर नोटा झाल्या. आणि मिलिमीटरभर सरकलेली कड ही कोटीत एक नसते, ती पुडक्यात दहा-वीस नोटांवर सहज सापडेल. तुमच्या पाकिटातल्या नोटा एकावर एक ठेवून बघा, आत्ताच सापडेल. जी गोष्ट प्रत्येकाच्या खिशात आहे, ती दुर्मिळ कशी?

असंच ७८६ चं. हा आकडा अनेकांना श्रद्धेने प्रिय आहे, त्याबद्दल आदर आहे. पण दुर्मिळतेचा दावा केला की गणित करावंच लागतं. नोटेचा नंबर सहा आकडी. त्यात ७८६ हे आकडे सलग चार ठिकाणी बसू शकतात, आणि प्रत्येक ठिकाणी उरलेल्या तीन आकड्यांच्या हजार शक्यता. चार हजार झाल्या. त्यात ७८६७८६ हा एक नंबर दोनदा मोजला गेला, तो वजा केला की ३,९९९. दर दहा लाख नोटांमध्ये ३,९९९, म्हणजे साधारण अडीचशे नोटांमागे एक. किराणा दुकानदाराच्या गल्ल्यातून अशा नोटा दर आठवड्याला जात असतील.

मग लाखाचा आकडा येतो कुठून? इथे एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी माझी जुनी सायकल दहा कोटींना वेबसाइटवर टाकू शकतो, कोणी अडवणार नाही. पण दुसरा कोणी त्याचा स्क्रीनशॉट काढेल, तिसरा त्याची बातमी करेल, ‘जुन्या सायकलला दहा कोटींचा भाव’, आणि चौथा आपल्या अंगणातली सायकल पुसायला घेईल. एरर नोटांचे आणि ट्रॅक्टरवाल्या पाच रुपयांच्या नोटेचे व्हिडिओ असेच तयार होतात. पाच रुपयांची नोट आता छापत नाहीत, पण ती चलनात वैध आहे आणि घराघरांत पडलेली आहे.

घरी बनवलेल्या चुका

साध्या दोषाला मोठं करून सांगणं ही झाली अतिशयोक्ती. त्यापुढची पायरी म्हणजे चूकच तयार करणं. काही सोप्या तपासण्या सांगतो. फुटपट्टी, भिंग आणि उजेड एवढंच लागतं.

एक, कटाई चुकलेली नोट. सध्याची पाचशेची नोट ६६ बाय १५० मिलिमीटर, शंभरची ६६ बाय १४२, दहाची ६३ बाय १२३. छापखान्यात कटाई सरकली, तर चित्र सरकतं, शेजारच्या नोटेचा तुकडाही दिसू शकतो, पण नोटेचं माप साधारण तेच राहतं किंवा जास्तीचा कागद राहतो. घरी कात्रीने कड कापली, तर नोट लहान होते. कागद कमी करता येतो, वाढवता येत नाही. म्हणून आधी मोजा.

दोन, दुमडीची चूक. ताव्याचा कोपरा दुमडलेला असतानाच कटाई झाली, तर दुमड उघडल्यावर जास्तीचा कागद बाहेर येतो. संग्राहक तिला बटरफ्लाय म्हणतात. ही घरी बनवणं कठीण, म्हणून तिला मान आहे. पण कागद खरंच सलग आहे का, की चिकटवलाय, हे उजेडात धरून बघायलाच हवं.

तीन, रंग किंवा चित्र गायब. हे रसायनाने किंवा खोडून करता येतं. इंटाग्लिओची शाई खरवडली तरी दाबामुळे कागदावर उमटलेले उंचवटे राहू शकतात, आणि खरवडलेल्या जागी कागदाचे तंतू भिंगातून विस्कटलेले दिसतात. सगळ्या रंगांपैकी एकच रंग सुबकपणे नाही, की सगळ्याच भागावर फिकटपणा आलाय, तेही बघा. दुसरं असेल तर ऊन, साबण किंवा ब्लीच यांची करामत समजा.

चार, मागच्या बाजूला उमटलेली छबी. ओल्या शाईचा ताव दुसऱ्यावर पडला की ठसा उमटतो, पण तो आरशातल्यासारखा उलटा. मागे गांधीजी सुलटे उमटलेले दिसले, तर कोणीतरी वेगळी कला केली आहे.

पाच, धागा नसलेली नोट. धागा कागदातच असतो. तो ओढून काढला, तर त्याची पोकळ खाच कागदात राहते.

आणि फोटोवरून यातलं काहीही नीट कळत नाही, म्हणूनच हा धंदा फोटोवर चालतो.

उलटी फसवणूक

आतापर्यंत घेणाऱ्यांबद्दल बोललो. पण जास्त नुकसान होतं ते विकायला निघालेल्यांचं.

आमच्या नात्यातल्या एका काकूंना देवघरातल्या डब्यात ट्रॅक्टरवाली नोट सापडली. जाहिरातीतल्या नंबरवर त्यांनी फोटो पाठवला. समोरचा माणूस गोड बोलणारा. ‘मॅडम, अकरा लाख मिळतील, फक्त नोंदणीचे अकराशे पन्नास भरा.’ ते भरल्यावर ‘कर’ आला. कर भरल्यावर रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह असलेलं एक प्रमाणपत्र आलं आणि त्यासोबत ‘परवाना फी’. तिसऱ्या मागणीला त्यांनी मुलाला विचारलं. तोपर्यंत साडेनऊ हजार गेले होते. पैशांपेक्षा त्यांना लागलं ते वेगळंच. दोन महिने त्यांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही, कारण ‘लोक म्हणतील, हावरट’. मला तरी त्यात हाव दिसत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे जमवणाऱ्या बाईला डब्यात आशा सापडली होती.

ही पद्धत इतकी पसरली की ४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेने जाहीर निवेदन काढलं: जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आमचं नाव आणि चिन्ह वापरून शुल्क, कमिशन किंवा कर मागितला जातोय, आम्ही अशा व्यवहारांत नाही, आम्ही असं शुल्क कधीही घेत नाही आणि आमच्या वतीने ते घ्यायचा अधिकार कोणालाही दिलेला नाही. हे वाक्य घरातल्या मोठ्यांना नीट समजावून सांगा. विकणाऱ्याकडे आधी पैसे मागितले, की तिथेच फोन ठेवायचा. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. लाजायचं काहीच कारण नाही.

अजून एक कायद्याची गोष्ट. रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या ‘एरर’ नोटाही विकायला दिसतात. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा नोटा सर्वसाधारण माणसाने एकूण दहापेक्षा जास्त बाळगायच्या नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी पंचवीसपर्यंत चालतात. त्यापुढे दंड आहे, किमान दहा हजार रुपये. त्यामुळे ‘पूर्ण पुडकं घ्या, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याला हात जोडा.

मग गोळा करायचं की नाही?

जरूर करा. सुरुवात पाकिटातून करा, ती फुकट असते. चुकलेली नोट आवडली, तर छापलेल्या किमतीला मिळाली म्हणून ठेवा आणि ती कुठल्या पायरीवर चुकली हे शोधा. विकत घ्यायचीच असेल, तर आधी नोट हातात घेऊन बघा, मोजा, नावाजलेल्या लिलावांमध्ये तशी नोट प्रत्यक्षात कितीला गेली ते बघा आणि मगच पैसे काढा. मुद्राशास्त्राची प्रदर्शनं आपल्याकडे मोठ्या शहरांत भरतात. तिथले जुने संग्राहक खोटी एरर नोट बघून दहा सेकंदांत हसतात, आणि विचारलं तर का हसलो तेही समजावून सांगतात.

नाशिक रोडच्या छापखान्यात पिढ्यान्पिढ्या लोक रोज डोळ्यांत तेल घालून चुका शोधतात, त्या बाहेर पडू नयेत म्हणून. क्वचित एखादी निसटते. तिच्यात त्या मशीनची, त्या घाईच्या दिवसाची, त्या माणसांची खूण असते, आणि संग्राहक पैसे मोजतो ते त्या खुणेसाठी. ती खूण नसेल, तर पाचशेची नोट पाचशेचीच. तिचा किराणा आणा.

तुमच्याकडे विचित्र नोट असेल, तर फोटोबरोबर तिचं मिलिमीटरमधलं मापही पाठवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. आणि हा भाग तुमच्या आई-वडिलांच्या, काका-काकूंच्या ग्रुपवर नक्की टाका, त्यांना या मेसेजेसचा त्रास आपल्यापेक्षा जास्त होतो. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.